चौकोन बोलतो, पण कोणत्या भाषेत?

बालभारतीच्या पुस्तकात छापलेला तो काळा-पांढरा चौकोन आठवतो का? आपल्यातल्या कित्येकांनी तो कधी स्कॅनही केला नसेल. पण त्याची गोष्ट भारी आहे, आणि ती मुंबई-पुण्यात नाही, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत सुरू होते.

रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत आले, तेव्हा इमारत पडकी होती आणि शेजारी गुरांचा गोठा. पण खरी अडचण वर्गात होती. पुस्तकं मुलींच्या घरच्या भाषेत नव्हती. त्यांच्या घरी कानडी बोलायचे. सरांनी आधी स्वतः कानडी शिकून घेतली. मग पहिली ते चौथीची पुस्तकं नव्याने मांडली आणि पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाईल धरला की कविता ऐकू येणार, व्हिडिओ दिसणार, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडणार. २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले सरांना ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं, तब्बल दहा लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

बातम्यांत क्यूआर कोडच गाजला. खरं तर तो चौकोन १९९४ पासून आहे, जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवलेला. माझ्या मते अवघड काम होतं ते कानडी शिकण्याचं. त्याची बातमी मात्र दोन ओळींत संपली.

आता आपल्याकडे या. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी धुळे जिल्ह्यात गावोगाव सभा घेतल्या. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, त्यांनी स्वतःची भर घातली आणि जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल होत गेल्या. म्हणजे पडदा गावाच्या पैशांतून आला. पण पडद्यावरचा आवाज गावाचा आहे का?

पहिलीत आलेलं पोर घरी 'आठे ये' ऐकतं, शाळेत 'इकडे ये'. घरात ते 'आंडोर', पुस्तकात 'मुलगा'. 'मन्हं' म्हटलं की कुणीतरी लगेच 'माझं' म्हणून सुधारतं. शिरपूर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला घरात पावरी असते, मराठी पहिल्यांदा शाळेतच भेटते. अशा वर्गात स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं चकचकीत मराठी लावलं, तर मुलं चित्रं बघतात, हसतात. पण गणितातलं 'उरले किती' कळलं का, ते चित्र सांगत नाही. (मोठी माणसं मात्र यूट्यूबवर अहिराणी कॉमेडी बघून पोट धरून हसतात. तिथे बोलीची लाज वाटत नाही.)

जळगावच्या विद्यापीठाला जिचं नाव आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी कागदावर उतरवली, म्हणून आज आपण ती वाचतो. त्यांचा आवाज मात्र आपल्याला ऐकायला मिळत नाही. योगायोग बघा, बहिणाबाई गेल्या तो दिवसही ३ डिसेंबरच, साल १९५१.

आपल्याकडे आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. तुमच्यापैकी जे डीएलएड, बीएड करताहेत ते सराव पाठासाठी शाळेत जाणारच आहेत. धड्यातला एक उतारा आजीकडून अहिराणीत किंवा पावरीत सांगून घ्या, मागोमाग तोच मराठीत तुम्ही वाचा. क्यूआर कोड फुकट बनतो, प्रिंट काढून पानावर चिकटवता येतो. व्हिडिओपेक्षा ऑडिओ बरा, फाईल हलकी राहते. आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवली, तर रेंज नसली तरी चालते, लाईट गेली तरी चालते. मुलांना वाटलं तर तेच वाक्य दहादा ऐकतील. आणि आजीला विचारून तिचं नाव सुरुवातीलाच घ्या, पोरांना ते ओळखीचं वाटेल.