गोळीनंतरचे बरे होणे

उमेळ्याहून वसई रोडला येऊन गाडी पकडणाऱ्या आम्हां सर्वांनीच फलाटाच्या कोपऱ्यात जटा वाढलेला, स्वतःशीच बोलणारा माणूस कधी ना कधी पाहिलेला असतो. अशांपैकी अनेकांना स्किझोफ्रेनिया असतो. या आजारात मेंदूतील डोपामिन या रसायनाचा तोल बिघडतो. औषधांनी भास आणि संशय बहुधा काही आठवड्यांत ओसरू लागतात. मात्र बोलणे आटणे, उत्साह जाणे, तासन् तास बसून राहणे यांवर गोळीची मात्रा फारशी चालत नाही.

आजारच तसा, असे यावर म्हटले जाई. जॉन विंग आणि जॉर्ज ब्राउन यांनी १९६० ते १९६८ या काळात इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालये पाहिली. जिथे रुग्णांना दिवसभर काम नव्हते, स्वतःच्या म्हणाव्यात अशा वस्तूही फारशा नव्हत्या, तिथे ही उदासीनता सर्वांत गडद होती. वातावरण सुधारले तशी ती कमी झाली. त्यात रिकामे बसणे घटल्याचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणजे लक्षणांचा काही भाग चक्क संस्थेनेच दिलेला होता!

मग संस्था बरे होण्यास हातभारही लावू शकेल. त्याचे उदाहरण आपल्याच लोकलच्या मार्गावर घडले. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये बोरिवलीत रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी काम सुरू केले. त्यांच्या 'श्रद्धा' संस्थेचे केंद्र २००६ पासून कर्जतजवळ आहे, डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे आंघोळ, केस कापणे, जेवण आणि औषधे यांपासून सुरुवात होते. रुग्ण सावरला की आपले नाव, गाव सांगू लागतो. मग कार्यकर्ते त्याला रेल्वेने घरी पोहोचवतात, तो कितीही दूरच्या राज्यातला असो, आणि आजार काय आहे, औषध का थांबवायचे नाही, हे घरच्यांना समजावतात. हे समजावणे म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. सतत टोचून बोलणाऱ्या घरात परतलेल्यांचा आजार अधिक वेळा उलटतो, हेही ब्राउन यांच्याच अभ्यासातून पुढे आले होते.

ज्याला घरच उरलेले नाही, त्याचे काय? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की, कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही; शासनाने अशांसाठी वस्तीतच राहण्याची सोय करावी. आमच्या मते खरी अडचण इथेच आहे. अशा निवासासाठी जागा लागते, आणि शेजारही लागतो.