टाकीपासून जेटपर्यंत

जुनी जावा किंवा येझदी रस्त्यात बंद पडली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. हा अर्धा आटा आत, तो पाव आटा बाहेर, पुन्हा किक. तासाभराने गाडी आधीपेक्षा बिघडलेली असते, कारण मूळ दोष तसाच राहून वर सेटिंगही हललेलं असतं. या गाड्यांना पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, आणि पेट्रोल आपल्याच वजनाने उतरतं. म्हणून दोषही वरून खाली, पेट्रोलच्या वाटेनेच शोधत यायचा. स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी.

गाडी मूळची झेकोस्लोव्हाकियाची. मुंबईच्या इराणी मंडळींनी आधी ती आयात करून विकली, मग म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला. १९६१ मध्ये तो सुरू झाला, सत्तरच्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. गिअरचाच दांडा आत दाबून फिरवला की त्याची किक होते, आणि सिलिंडर एक असूनही सायलेन्सर दोन. आपल्या विषयाला महत्त्वाचं ते एवढंच, की हे २४८.५ सीसीचं इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पेट्रोल कमी पोहोचलं की ऑइलही कमी पोहोचतं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये धरतो. पेट्रोलची अडचण या गाडीत हयगय करण्यासारखी नाही ती यामुळे.

आधी दोष पेट्रोलचा की करंटचा, हे ठरवावं. करंट गेला तर इंजिन बटण दाबल्यासारखं एकदम बंद होतं. पेट्रोल संपत आलं तर ते आधी ओढ सोडतं, अडखळतं, थ्रॉटल कमी केल्यावर जरा सावरतं आणि मग थांबतं. थांबल्याबरोबर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचलेलं नाही. ओला असेल तर ते जास्त झालंय, किंवा ठिणगीच पडत नाही.

पुण्यातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये एक मुलगा आजोबांची येझदी ढकलत घेऊन आला होता. पाच-सहा किलोमीटर झकास चालते, मग बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते, अशी तक्रार. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून झाला होता. मिस्त्रींनी हत्यार हातात न घेता विचारलं, "बंद पडल्यावर कधी टाकीचं झाकण उघडून बघितलंस का, बाळा?" मुलगा नाही म्हणाला. "मग आता एक चक्कर मारून ये, आणि बंद पडली की आधी झाकण उघड." तो परत आला तो गाडीवर बसूनच. झाकण उघडताच सुस्स आवाज झाला होता आणि दुसऱ्या किकला गाडी चालू झाली होती.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल जितकं खाली उतरेल तितकी हवा वरून आत आली पाहिजे. भोक धुळीने किंवा पॉलिशने बुजलं की टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोलची धार रोडावते. थांबल्यावर हवा कुठून तरी हळूहळू आत शिरते आणि गाडी पुन्हा चालू होते. नवीन टाकलेलं शोभेचं झाकण हेही याचं एक नेहमीचं कारण.

पुढचा टप्पा कॉक. त्याच्या दोन नळ्या टाकीत शिरतात, मेनची उंच आणि रिझर्व्हची बुटकी. गंज, पाणी, कचरा सगळं तळाला बसतं. मेनवर चालणारी गाडी रिझर्व्हला टाकताच आचके देऊ लागली तर टाकी आतून गंजली असं समजावं. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभ्या ठेवलेल्या गाडीचं हेच होतं. वर मोकळी राहिलेली जागा दमट हवा धरते आणि पत्रा आतून गंजतो. गाडी उभी ठेवायचीच असेल तर टाकी गच्च भरून ठेवावी.

आता कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडून बाटलीत धरायचा आणि कॉक उघडायचा. इंजिन गार, जागा मोकळी, आजूबाजूला विडी-सिगारेट नाही, हे सांगायला नकोच. धार अखंड, सारख्या जाडीची पडली पाहिजे. सुरुवातीला जोरात पडून मग बारीक झाली तर झाकण बघा. पहिल्यापासून थेंबथेंब असेल तर कॉकची जाळी किंवा पाइप.

जिकॉव्ह कार्ब्युरेटरच्या अंगावर टिकलरचं छोटं बटण असतं. गार इंजिन चालू करताना दाबायचं, एवढंच त्याचं काम असं लोक धरून चालतात. मला तर तो या गाडीतला सगळ्यात प्रामाणिक तपासनीस वाटतो. बटण दाबलं की आतला फ्लोट खाली ढकलला जातो, निडल उघडते आणि वाटी भरून पेट्रोल बाहेर डोकावतं. ते लगेच आलं तर वाटीपर्यंतची वाट मोकळी आहे. बराच वेळ दाबूनही येत नसेल तर दोष वरच आहे, जेटला हात लावू नका. न दाबताच ओघळत असेल तर निडलच्या टोकावर खाच पडलीय, तिथे कचरा अडकलाय, किंवा पितळी फ्लोटला भोक पडून तो आतून भरलाय. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल असेल तर डुचमळतं. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे भोकाची जागा दाखवतात.

जेटची पाळी त्यानंतर. गाडी महिनाभर उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा चिकट थर मागे राहतो. स्लो जेटचं भोक त्यानेच बुजतं. जुने चालवणारे घर जवळ आलं की कॉक बंद करून वाटी रिकामी करतात ते यासाठीच. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारायची. इतकं करूनही थ्रॉटल सोडल्यावर रेस खाली येत नसेल तर कार्ब्युरेटरच्या फ्लँजपाशी किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून गाडी हवा घेतेय.

या सगळ्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच साखर कारखान्यांतूनही निघणारं इथेनॉल पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे. ऊसवाल्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, हे खरंच. पण म्हैसूरच्या कारखान्याने या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतली ओल धरतं. पाणी फार झालं की त्याच्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं, म्हणजे नेमकं रिझर्व्हच्या नळीच्या तोंडाशी. जुनं रबर आणि बुचाचे वॉशर ते खराब करतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा थर सोडवून जेटपर्यंत आणतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. प्लग पांढरट दिसू लागला तर थ्रॉटलच्या निडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे निडल वर उचलली जाईल आणि पेट्रोल वाढेल. प्लगचा रंग बिस्किटासारखा तपकिरी हवा.

तुमच्या घरात जुनी जावा-येझदी उभी असेल तर या रविवारी एवढं कराच: इथेनॉल सोसणारा नवीन पाइप घाला, कॉकचे वॉशर बदला, आणि झाकणाचं भोक फुंकून बघा.