स्वस्त तिकीट म्हणजे काय?

परदेशगमन ही आता मूठभर श्रीमंतांची मिरास राहिलेली नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला प्रथम गेले, तेव्हा तो प्रवास सामान्यांच्या स्वप्नातही नव्हता. आज आमच्या बेळगाव परिसरातील शेतकऱ्याची मुलेही शिक्षणासाठी परदेशी जातात. मात्र तिकिटासाठी घरची शिल्लक मोडावी लागते. यास्तव या विषयाचा थोडा विचार आपण करू.

एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी निरनिराळे भाडे दिलेले असते, हे ऐकून नवल वाटेल. त्याचे कारण असे की, विमान उडाले की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. मंडईतील भाजीचेही असेच. पण भाजी संध्याकाळी स्वस्त होते, तर विमानाचे तिकीट शेवटच्या दिवसांत बहुधा महागते. त्या वेळी येणारे गिऱ्हाईक निकडीत असते, हे कंपनी ओळखून असते. म्हणून ती आसनांचे दरवार गट पाडते व स्वस्त गट संपताच पुढचा दर लावते. सबब प्रवास ठरताच चौकशी सुरू करावी. नाताळची सुट्टी व परदेशी विद्यापीठे उघडण्याचे दिवस हे गर्दीचे. तारीख चार दिवस मागेपुढे करता आल्यास पुष्कळदा पैसे वाचतात.

सांबऱ्याहून परदेशी विमान सुटत नाही. तेव्हा गोवा, मुंबई व बंगळूर या तिन्ही ठिकाणचे दर पाहावेत आणि तेथवर जाण्याचा खर्च त्यांत मिळवावा. थेट विमानापेक्षा दुबई, दोहा किंवा इस्तंबूल येथे विमान बदलणारा मार्ग अनेकदा स्वस्त पडतो.

येथेच सावध राहिले पाहिजे. दोन विमानांची दोन स्वतंत्र तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसरे चुकते व त्याचे पैसेही बहुधा बुडतात. सबंध प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढे पोहोचविण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. वाटेतल्या देशाचा व्हिसा लागतो काय, हेही आधी विचारून घ्यावे.

कंपनी निवडताना केवळ भाड्याचा आकडा पाहू नये. सामान किती किलो नेता येईल, तारीख बदलल्यास किती कापून घेतील, हे वाचावे. काही कंपन्या विद्यार्थ्यांना अधिक सामान नेऊ देतात. सुरक्षिततेविषयी शंका असल्यास युरोपीय संघाने बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी पाहावी. ती २००६ पासून प्रसिद्ध होते.

आपले हक्कही ठाऊक असावेत. १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. त्यानुसार सोपविलेल्या सामानाची मोडतोड झाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि सामान उशिरा मिळाल्यास २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते.

सारांश, तिकिटावर छापलेली रक्कम म्हणजे प्रवासाचा खर्च नव्हे. घराच्या उंबरठ्यापासून मुक्कामापर्यंतचा सारा हिशेब मांडून जे कमी भरेल आणि वाटेत अडकवणार नाही, तेच तिकीट खरोखर स्वस्त होय.