बंदराकाठची इमारत कुणासाठी?

बंदराकाठच्या आलिशान इमारतीतला फ्लॅट विकला जातो तो खिडकीतून काय दिसतं यावर. त्यामुळे वास्तुरचनाकाराचं लक्षही बहुतेक वेळा आतून बाहेर बघणाऱ्या मोजक्या कुटुंबांकडेच राहतं. पण अशा जागी इमारतीची पहिली परीक्षा बाहेरून व्हायला हवी. फेरीबोटीतून ती कशी दिसते, आणि तिच्या पायथ्याशी चालणाऱ्याला काय मिळतं? सिडनीच्या सर्क्युलर की या धक्क्यावरची बेनेलाँग अपार्टमेंट्स ही इमारत त्यासाठी नीट पाहण्यासारखी आहे. यॉर्न उत्झोनच्या ऑपेरा हाऊसच्या अगदी शेजारी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती उभी राहिली आणि शहर खवळलं. लोकांनी तिला ‘टोस्टर’ हे नाव चिकटवलं, ते आजही सुटलेलं नाही. वास्तविक या जागेवरच्या आधीच्या ऑफिस इमारती हिच्यापेक्षा उंच होत्या. मग राग हिच्यावरच का? कारण त्या जुन्या इमारती पाडल्यावर धक्क्यावरून थेट मागच्या बोटॅनिक गार्डनची हिरवाई दिसू लागली होती. एकदा दिसलेलं पुन्हा झाकलं गेलं, हे लोकांना सोसवलं नाही. नियमांतली उंचीची मर्यादा पाळली की काम झालं, हा समज इथे कोसळतो. लोक मीटर मोजत नाहीत, काय झाकलं गेलं ते बघतात.

मग उंच पण सडपातळ मनोरा बांधावा आणि भोवतालची जमीन मोकळी सोडावी, असं कुणी म्हणेल. बंदराच्या उत्तर काठावर हॅरी सायडलरने १९६२ मध्ये पूर्ण केलेला ब्लूज पॉइंट टॉवर याच विचारातून आला. पण मूळ आराखड्यात अशा अनेक मनोऱ्यांची वसाहत होती. प्रत्यक्षात एकच झाला आणि भूशिरावर एकटाच उभा राहिला. त्यावरची टीका आजवर थांबलेली नाही. त्यामुळे निव्वळ सडपातळपणावर भिस्त ठेवता येत नाही.

टोस्टरच्या बाजूने मात्र एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. तळमजल्यावर कुंपण आणि पहारेकरी नाहीत. धक्क्याच्या कडेने उंच खांबांची ओसरी आहे, तिच्यात दुकानं आणि उपाहारगृहं आहेत, आणि ऑपेरा हाऊसकडे निघालेला कुणीही तिच्या सावलीतून जाऊ शकतो. इतके पैसे मोजणाऱ्या रहिवाशाला एकांत नको का, हा आक्षेप रास्त आहे. पण एकांत वरच्या मजल्यांवर देता येतो, त्यासाठी काठ बंद करावा लागत नाही. शिवाय या फ्लॅटना किंमत आली ती शेजारच्या ऑपेरा हाऊसमुळे, आणि त्याचा १० कोटी २० लाख डॉलरचा खर्च मुख्यतः सरकारी लॉटरीतून, म्हणजे सामान्य माणसांनी घेतलेल्या तिकिटांतून निघाला. त्या माणसांना धक्क्यावरची सावली आणि मोकळी वाट देणं हा उपकार नाही, ते त्यांचं देणं आहे. म्हणूनच अशा इमारतीला मंजुरी देताना सज्जातून दिसणाऱ्या दृश्याच्या आधी फेरीबोटीतून आणि धक्क्यावरून दिसणारी चित्रं मागितली पाहिजेत.