साक्ष कोणी ऐकली?

संपादकांनी न्यायाधीशांवर लिहायला सांगितलं, तेव्हा मी उच्च न्यायालय सोडून तालुक्याच्या कोर्टात जाऊन बसले. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने घातलेली उतरंड थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे. तिची सर्वांत खालची पायरी म्हणजे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. फौजदारी कामात बहुधा हेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात.

सकाळचं बोर्ड भराभर सरकतं. पुकारा होतो, वकील मुदतीचा अर्ज देतात, रोजनाम्यात पुढची तारीख पडते. निशाणी ५, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निघाला की आवाज चढतात. मी गुंतले ती उलटतपासात.

बांधाचा दावा होता. पिंजऱ्यात वयस्क प्रतिवादी.

"बांध तुम्हीच कोरला ना?"

"न्हाई वो साहेब. आज्यापास्नं तिथंच हाय त्यो."

न्यायाधीशबाईंनी लघुलेखकाला सांगितलं, "हे म्हणणे खरे नाही की, वादातील बांध मी कोरला. बांध आजोबांच्या काळापासून त्याच जागी आहे."

मग मोजणीच्या वेळच्या जबाबावरची सही दाखवली. बाबा गप्पच. वकील पुढच्या प्रश्नाकडे वळले होते, बाईंनी त्यांना थांबवलं. "बाबा, सही तुमचीच आहे का?"

"हाय."

उत्तराआधी साक्षीदार बराच वेळ थांबला, हेही त्यांनी नोंदवून घेतलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८, नियम १२ ने ही मुभा दिली आहे. मला हे या कोर्टातलं सर्वांत मोलाचं काम वाटलं. अपील जिल्ह्याला जाईल, कदाचित पुढे उच्च न्यायालयात. तिथे हे बाबा सहसा पुन्हा उभे राहणार नाहीत, त्यांचा कागद जाईल.

पण हे समोरासमोरचं ऐकणं आक्रसत चाललं आहे, याची काळजी वाटते. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास प्रतिज्ञापत्रावर येतो, आणि त्यातली वाक्यं वकिलाच्या कार्यालयात घडतात. उलटतपासही कमिशनरपुढे नोंदवता येतो. न्यायाधीशांची साधारण तीन वर्षांनी बदली होते; त्याच आदेश १८ च्या नियम १५ प्रमाणे नवे न्यायाधीश आधीच्या साक्षीवरून पुढे जाऊ शकतात. ही सोय नसती तर दावे संपलेच नसते, हेही खरं. विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश सुचवले होते. आपण अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. भरगच्च बोर्ड समोर असताना एका माणसाच्या गप्प राहण्याला वेळ द्यायचा, तो दुसऱ्या कुणाच्या तरी तारखेतूनच काढावा लागतो.

बांधाच्या दाव्यात प्रतिवादीचे आणखी साक्षीदार आणि युक्तिवाद बाकी आहेत. बाईंची बदली येत्या उन्हाळ्यात अपेक्षित आहे, त्यामुळे निकाल बहुधा दुसरंच कोणी लिहील.