रस्त्यावर थांबणारे डॉक्टर
कर्जतजवळच्या ‘श्रद्धा’मध्ये हरवलेल्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोहोचवलं जातं. हे काम नेमकं चालतं कसं?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. मुंबईच्या उपनगरात दवाखाना चालवणारं एक तरुण मानसोपचारतज्ज्ञ जोडपं हॉटेलात बसलं होतं. समोर रस्त्यावर एक मुलगा दिसला. हाडांचा सापळा, वाढलेल्या जटा, अंगावर चिंध्या. त्याने हातातली करवंटी गटारात बुडवली आणि ते पाणी तो प्यायला. दोघं उठले, त्याच्यापाशी गेले आणि त्याला आपल्या दवाखान्यात घेऊन आले. आंघोळ घातली, जेवू घातलं, औषधं सुरू केली. तो सावरला, बोलू लागला, तेव्हा कळलं की हा आंध्र प्रदेशातल्या सुशिक्षित घरातला विज्ञानाचा पदवीधर आहे आणि त्याने प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमाही केला आहे. घरच्यांचा पत्ता लागला आणि मुलगा घरी परतला.

ते जोडपं म्हणजे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी. त्यांनी १९८८ साली ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. आज तिचं मुख्य केंद्र कर्जतजवळ वेणगावच्या परिसरात आहे. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर संस्थेने सात हजारांहून अधिक माणसांना आपापल्या घरी पोहोचवलं होतं. मानसोपचारात चांगली प्रॅक्टिस जमवता आली असती. या दोघांनी मात्र आपली विद्या अशा रुग्णांसाठी वापरली, ज्यांच्याकडे फीचे पैसे नव्हतेच, पण स्वतःचं नाव सांगण्याइतकं भानही नव्हतं.

माणूस घर सोडतो तेव्हा

रस्त्यावर एकटाच बडबडत फिरणारा, कचऱ्यातलं उचलून खाणारा माणूस आपल्याला दिसतो तेव्हा ‘वेडा’ या एका शब्दावर आपण त्याचा निकाल लावतो. अशांपैकी अनेकांना स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचा एखादा तीव्र मानसिक आजार असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया असतो आणि तो बहुतेकदा ऐन तारुण्यात सुरू होतो. कानात आवाज येतात. घरचे विष घालतील, शेजारी पाळत ठेवतात, असं वाटू लागतं. हा संशय रुग्णाच्या लेखी शंभर टक्के खरा असतो. मग जीव वाचवायला तो घर सोडतो आणि समोर येईल त्या गाडीत बसतो. दोन रात्रींत तो हजार किलोमीटर दूर, आपली भाषा कोणालाच कळत नाही अशा मुलखात उतरतो. तिथून पुढे त्याला शोधणारं कोणी नसतं.

या कहाणीतली सगळ्यात टोचणारी बाब अशी, की यातल्या बऱ्याच जणांचा आजार औषधांना दाद देतो. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कामावर परिणाम करणारी औषधं काही आठवड्यांत आवाज आणि संशय आटोक्यात आणू शकतात. सगळ्यांनाच सारखा गुण येत नाही, काहींना औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. पण ही औषधं दुर्मीळ नाहीत आणि फार महागही नाहीत. कमतरता आहे ती रुग्णापर्यंत पोहोचण्याची. बंगळुरूच्या ‘निमहान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तीव्र मनोविकार असलेल्या दर चार जणांपैकी सुमारे तिघं उपचारांपासून वंचित असल्याचं आढळलं. आणि ही पाहणी घरोघरी जाऊन केलेली होती. ज्याला घरच उरलेलं नाही, तो त्या आकड्यातही नाही.

पत्ता शोधण्याची कला

‘श्रद्धा’च्या कामाची सुरुवात रस्त्यावर होते. रुग्णाजवळ जायचं, चहा-बिस्कीट पुढे करायचं, त्याला सोबत यायला राजी करायचं. केंद्रात आणल्यावर जटा कापणं, नखं काढणं, आंघोळ, स्वच्छ कपडे. वर्षानुवर्षं न धुतलेल्या जखमांत कधी अळ्या झालेल्या असतात, त्या साफ कराव्या लागतात. रक्तक्षय, क्षयरोग, त्वचेचे विकार यांच्या तपासण्या होतात आणि जोडीने मानसोपचार सुरू होतात.

खरी कसोटी त्यानंतर लागते. सावरत चाललेला माणूस आधी तुटक बोलतो. एखादं नाव, गावाजवळच्या नदीचं नाव, शाळा, बाजाराचा वार. ते शब्द कुठल्या भाषेतले हे ओळखायचं, त्या नावाची गावं कुठल्या जिल्ह्यांत आहेत ते धुंडाळायचं, तिथल्या पोलीस ठाण्याला किंवा सरपंचाला फोन लावायचा. एकाच नावाची दहा गावं निघतात. त्यातलं नेमकं एक शोधायला सामाजिक कार्यकर्त्याकडे भाषेचा कान, भूगोलाची जाण आणि न थकणारी चिकाटी लागते. हीसुद्धा एक कलाच म्हणायची, फक्त तिचं शिक्षण देणारं महाविद्यालय नाही.

पत्ता लागला की कार्यकर्ते रुग्णाला घेऊन रेल्वेने निघतात. बिहार, बंगाल, ओडिशा, कुठेही. दारात उभ्या राहिलेल्या मुलाकडे पाहून आईला शब्द फुटत नाही, कारण काही घरांनी आशा सोडून दिवसकार्यही उरकलेलं असतं. पण कार्यकर्त्यांचं काम तिथे संपत नाही. हा आजार म्हणजे करणी किंवा भूतबाधा नाही, रुग्ण बरा वाटला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे घरच्यांना समजावावं लागतं. सोबत औषधं दिली जातात आणि पुढचाही पाठपुरावा ठेवला जातो.

या क्षेत्रात इतरही निष्ठेने झटणारे आहेत. अहिल्यानगरजवळ शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी ‘माउली’त रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना हक्काचं घर दिलं. चेन्नईत १९९३ पासून ‘द बॅनियन’ काम करते. ज्यांना परत जायला जागा नाही, त्यांना असा आसरा हवाच. ‘श्रद्धा’ने मात्र घरवापसी हेच आपल्या उपचारांचं ध्येय मानलं. त्यामुळेच एक खाट रिकामी होते आणि तिथे पुढचा माणूस येऊ शकतो.

चित्रकार मदतीला आले

सुरुवातीच्या काळात वाटवानींना रस्त्यावर असाच एक गृहस्थ सापडला, तो निघाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा माजी अध्यापक. बातमी कलावर्तुळात पसरली आणि मंडळी हेलावली. आपल्यातलाच एक शिक्षक असा भटकत होता आणि आपल्याला पत्ताही नव्हता! शंभराहून अधिक चित्रकारांनी आपली चित्रं दिली, प्रदर्शन भरलं आणि त्यातून उभ्या राहिलेल्या पैशांतून दहिसरला वीस खाटांचं केंद्र उभं राहिलं. शेजाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला.

वीस खाटा पुरणाऱ्या नव्हत्या. मोठं केंद्र उभारायला बाबा आमटे यांनी बळ दिलं. कुष्ठरोग्याला समाजाने टाकलं तेव्हा १९४९ मध्ये ‘आनंदवन’ वसवणाऱ्या बाबांना टाकलेल्या माणसाची किंमत कोणी सांगायची गरज नव्हती. २००६ मध्ये कर्जतचं १२० खाटांचं केंद्र सुरू झालं. मुंबईपासून लोकलने गाठता येणारं आणि तरीही उल्हास नदीकाठच्या भातशेतीच्या मुलखातलं हे ठिकाण. शेती, गाई-गुरं, झाडांची निगा यात रुग्णांचे हात गुंततात आणि दिवसाला पुन्हा वेळापत्रक येतं.

मोडलेला पाय आणि मोडलेलं मन

संकटातल्या माणसासाठी थांबण्याची सवय कर्जतशेजारच्या खालापूर तालुक्याला जुनी आहे. बोरघाटात अपघात झाला की खोपोलीच्या ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ या संस्थेचे स्वयंसेवक हातातलं काम टाकून धावतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ८४ जीव गेले, त्यातले ५७ जण मातीखालून सापडलेच नाहीत. त्या रात्री भर पावसात, अंधारात चिखलाची पायवाट चढून गेलेल्यांत खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’ होते. पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि ही सेवा वेगळी, अशी ही माणसं.

मला इथे एक तफावत अस्वस्थ करते. घाटात पाय मोडलेला माणूस दिसला तर दहा हात पुढे येतात. मन मोडलेला माणूस त्याच रस्त्याने महिनोन्‌महिने फिरतो आणि दहा जण रस्ता बदलतात. जखम दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

कायद्याने हा फरक पुसलेला आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. त्याआधीच, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार, भटकणारा मनोरुग्ण स्वतःला सांभाळू शकत नाही असं दिसलं तर त्याला संरक्षण देणं हे पोलिसांचं कर्तव्य ठरलं. त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. कोठडीत डांबता येत नाही. तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणं हीसुद्धा पोलिसांचीच जबाबदारी. म्हणून असा माणूस दिसला तर ११२ वर कळवावं, मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे आणि पोलीस ठाण्यात कलम १०० चं नाव घेऊन आग्रह धरावा.

तेवढ्याने भागणार नाही, हेही ‘श्रद्धा’चा अनुभव सांगतो. घरी पोहोचलेल्या माणसाच्या गोळ्या संपल्या आणि तालुक्याच्या रुग्णालयात मिळाल्या नाहीत, तर आजार उलटतो आणि तोच माणूस पुन्हा स्टेशनवर येऊन बसतो. एका संस्थेने सात हजारांहून अधिक जणांना घर दाखवलं. त्यांना घरी टिकवून ठेवायचं तर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीत या गोळ्या बारा महिने असायला हव्यात. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आपण भांडतो. याही गोळ्यांसाठी भांडायला शिकूया.