एसटीच्या पत्र्यातून वाहणारी थरथर

नगर–सोलापूर रस्त्यावर मिरजगावला एसटी इंजिन चालू ठेवून उभी राहिली, की पार मागच्या बाकाजवळचा पत्राही थरथरतो. इंजिन असते पुढे. सहा सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 600 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 30 स्फोट होतात. त्यांची कंपनशक्ती रबरी आधारांतून चासीत, तिथून तळाच्या पत्र्यात आणि जोडावरून बाजूच्या पत्र्यात जाते.

तिचा तंतोतंत हिशेब हाताबाहेरचा आहे. 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 2 मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याला 1000 हर्ट्झपर्यंत कंप पावण्याच्या तीनशेहून अधिक स्वाभाविक तऱ्हा असतात. एक रिव्हेट सैल झाला तरी त्या बदलतात. एकाच कार्यशाळेतल्या दोन गाड्याही जुळत नाहीत.

अमेरिकेत रिचर्ड लायन आणि पी. डब्ल्यू. स्मिथ यांनी 1959 च्या सुमारास यावर वाट काढली. एकेका तऱ्हेचा माग सोडायचा आणि अख्ख्या पत्र्याची सरासरी ऊर्जा धरायची. दर तऱ्हेमागे जिथे ऊर्जा जास्त, तिथून ती कमी असलेल्या पत्र्याकडे वाहते आणि प्रवाह त्या तफावतीच्या प्रमाणात असतो. उष्णतेचा नियमही असाच आहे. या रीतीला सांख्यिकीय ऊर्जा विश्लेषण म्हणतात. प्रत्येक पत्र्यासाठी एकच समीकरण मांडायचे: आत आलेली शक्ती म्हणजे जिरलेली अधिक पुढे गेलेली.

लागणारे आकडेही सुटसुटीत आहेत. तेवढ्याच जोराच्या धक्क्याने दुप्पट जाड पत्र्यात चौथाई शक्ती शिरते. सारख्या जाडीचे दोन पत्रे काटकोनात जोडले असतील, तर जोडावर सरळ येणाऱ्या वाकण्याच्या लाटेची निम्मी शक्ती पलीकडे जाते.

उभ्या गाडीची 30 हर्ट्झची थरथर मात्र या हिशेबात बसत नाही. खांबांमधल्या लहान पत्र्याला तिथवर दोन-तीनच तऱ्हा असतात आणि एवढ्यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही. ही रीत खरी धावत्या गाडीच्या घरघरीसाठी.

1 जून 1948 रोजी पुणे–नगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीची बांधणी लाकडी होती, वर कापडी छप्पर. नुसत्या पोलादापेक्षा लाकूड कंपन कितीतरी पटींनी जास्त जिरवते. आजच्या पत्र्याला ती सोय वरून द्यावी लागते. जोड घट्ट आणि जिरणे तुटपुंजे असेल, तर दोन्ही पत्र्यांतली दर तऱ्हेमागची ऊर्जा जवळपास सारखी होऊन बसते. मग जोड थोडाफार सैल करून काही साधत नाही. अशा गाडीत पत्र्याला आतून डांबरी किंवा रबरी थर चिकटवणे हाच खरा उपाय.